आरएक्सला २८चा कार्बोरेटर बसवताय? आधी हे गणित बघा

धुळ्यात देवपूरला माझा मावसभाऊ राहतो. त्याच्याकडे एका निवृत्त शिक्षकांकडून घेतलेली यामाहा आरएक्स १०० आहे. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये त्याचा फोन आला, "दादा, कंपनीचा २०चा कार्बोरेटर काढून २८चा टाकतोय. पिकअप डबल होईल म्हणतात. तुला काय वाटतं?" इंजिनिअरिंग झालेल्या माणसाला घरचे लोक मिक्सरपासून इन्व्हर्टरपर्यंत सगळं विचारतात, पण उत्तर ऐकायची त्यांना घाई नसते. मी "थांब, सांगतो" म्हणेपर्यंत कार्बोरेटर कुरिअरने घरी आलेला होता.

पुढे काय झालं ते सांगतोच. पण हा प्रश्न एकट्या मावसभावाचा नाही. जळगावात आकाशवाणी चौकातल्या चहाच्या टपरीवर उभे राहा नाहीतर धुळ्यात पारोळा रोडवरच्या गॅरेजमध्ये बसा, "किती एमएमचा आहे?" हा प्रश्न कानावर येतोच. कार्बोरेटरचा आकार आपल्याकडे मिशीसारखा मोजतात : जितका मोठा, तितका मान. रीलवर २४ दिसला की खाली कमेंट येते, "२८ टाक भो". २८वाल्याला कोणीतरी ३० सांगतो. गाडी कुठे चालते, किती आरपीएमवर चालते, आत पिस्टन कोणता आहे, हे विचारणारा क्वचित भेटतो. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो : रस्त्यावर रोज चालणाऱ्या दहापैकी आठ-नऊ जुन्या गाड्यांना मोठ्या कार्बोरेटरची गरजच नसते, आणि ज्यांना असते त्यांनाही रीलवर सांगतात तितका मोठा लागत नाही.

१ एप्रिल २०२०पासून देशात बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या दुचाकींमध्ये फ्युएल इंजेक्शन आलं. त्यामुळे आज कार्बोरेटरवर चालणारी जवळपास प्रत्येक गाडी त्याआधीची, म्हणजे वापरलेली आहे. जुनी स्प्लेंडर, पल्सर, कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट, आणि १९८५ ते १९९६ या काळात भारतात बनलेली आरएक्स १००. शेवटची आरएक्ससुद्धा आता जवळपास तीस वर्षांची झाली. या वयाच्या इंजिनावर प्रयोग करताना हिशेब आधी केलेला बरा.

पेट्रोल हवा ओढते, आणि हवेला वेग लागतो

कार्बोरेटरमध्ये पंप नसतो. पिस्टन हवा ओढतो, ती हवा कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून वेगाने जाते, वेग वाढला की तिथला दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल जेटमधून वर खेचलं जातं. सगळा खेळ या दाबातल्या फरकाचा आहे. ट्युनिंगवाले त्याला 'सिग्नल' म्हणतात. सिग्नल जोरदार असेल तर पेट्रोल वेळेवर येतं आणि बारीक फवारा होऊन हवेत मिसळतं. सिग्नल लुळा पडला की पेट्रोल उशिरा येतं आणि थेंबाथेंबाने येतं. ॲक्सिलरेटर एकदम पिळल्यावर गाडी 'भ्वॉ' करून गुदमरते ती यामुळे.

गळा मोठा केला की तेवढीच हवा जास्त जागेतून जाते, म्हणून वेग उतरतो. किती उतरतो हे बारावीच्या गणितात बसतं. आरएक्स १००चा बोर ५० मिमी आणि स्ट्रोकही ५० मिमी. ३,००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला ५ मीटर येतो. पिस्टनचं क्षेत्रफळ भागिले गळ्याचं क्षेत्रफळ केलं की २० मिमी गळ्यातून हवेचा वेग साधारण ३१ मीटर निघतो. २८ मिमी लावला की तो १६ मीटरवर येतो. दाबातला फरक वेगाच्या वर्गावर चालतो, त्यामुळे वेग निम्मा झाला तरी सिग्नल निम्मा राहत नाही, तो थेट पावपट होतो. आठ मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात. इंजिनाच्या दृष्टीने चारातला एकच भाग उरला.

आणखी सोप्या भाषेत सांगायचं तर २०च्या कार्बोरेटरमध्ये ३,००० आरपीएमला हवेचा जो वेग मिळत होता, तो २८मध्ये मिळायला इंजिन ५,९००पर्यंत न्यावं लागतं. २४ लावला तर ४,३००पर्यंत. हे ढोबळ गणित आहे. टू-स्ट्रोकमध्ये हवा आधी क्रँककेसमध्ये जाते, रीड व्हॉल्व्ह असतो, सायलेन्सरमधून परत येणाऱ्या लाटांचा परिणाम असतो. पण दिशा कळायला एवढं पुरे.

आता आपली गाडी कुठे चालते ते बघू. आरएक्स १०० सर्वाधिक ११ बीएचपी देते ती ७,५०० आरपीएमला. ताशी शंभरच्या आसपास पळणारी ही गाडी साठच्या वेगाला साधारण साडेचार-पाच हजारांवर असते. जळगावात अजिंठा चौफुलीवरून किंवा धुळ्यात पाचकंदीलला बाजाराच्या गर्दीतून जाताना तर तीन-साडेतीन हजारांच्या वर जायची वेळच येत नाही. म्हणजे २८चा कार्बोरेटर जिथे शुद्धीवर येतो, तिथे ही गाडी दिवसातून जेमतेम पाच मिनिटं असते.

टू-स्ट्रोक ट्युनिंगमध्ये एक जुना आडाखा वापरतात. इंजिनाची क्षमता लिटरमध्ये घ्यायची, तिला सर्वाधिक ताकदीच्या आरपीएमने गुणायचं, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि ते ०.६५ ते ०.९ने गुणायचं. उत्तर थेट मिलिमीटरमध्ये येतं. आरएक्सचं ०.०९८ गुणिले ७,५००, वर्गमूळ २७.१. म्हणजे साधारण साडेसतरा ते साडेचोवीस मिमी. यामाहाने २० दिला होता, तो मधोमध बसतो. पोर्टिंग केलं, एक्स्पान्शन चेंबर लावला आणि ताकद ९,०००ला आणली तरी वरची मर्यादा पावणेसत्तावीसच्या आत राहते. २८ त्या टप्प्यात यायला इंजिन १०,००० आरपीएमला ताकद देणारं हवं. तसं इंजिन ड्रॅग रेससाठी बांधतात. ते घेऊन भाजी आणायला कोणी जात नाही.

तोच २८ बुलेटवर चालतो

इथे बुलेटचं उदाहरण बोलकं आहे. जुन्या कास्ट आयर्न बुलेट ३५०ला (३४६ सीसी, बोर ७० मिमी, स्ट्रोक ९० मिमी) कंपनीने २४ मिमीचा कार्बोरेटर दिला होता आणि तिच्या ५०० सीसी भावंडाला (बोर ८४ मिमी, स्ट्रोक तोच ९०) २८ मिमीचा. वरचंच गणित लावा. ३५०ची ताकद ५,६२५ आरपीएमला आहे, तिथे हवेचा सरासरी वेग सेकंदाला १४४ मीटर येतो. ५००मध्ये ५,४००ला १४६. दोन वेगळी इंजिनं, दोन वेगळे कार्बोरेटर, आणि हवेचा वेग जवळपास एकच. कंपनीतल्या लोकांनी मिलिमीटर निवडलेच नव्हते, त्यांनी हवेचा वेग निवडला होता. मिलिमीटर त्यामागून आले.

आता कोणी बुलेट ३५०वर २८ लावला तर? २,५०० आरपीएमलाही वेग ४७ मीटर राहतो. तीच संख्या आरएक्सवर २८ लावून ३,०००ला १६ होती. म्हणून बुलेटवाला मित्र "मी २८ टाकला, भारी चालते" म्हणाला तर तो खोटं बोलत नाही. त्याचा लांब स्ट्रोक आणि रुंद पिस्टन आहे, तुमचा नाही. २८ हा आकडा स्वतः मोठाही नाही आणि लहानही नाही, तो कोणत्या पिस्टनवर बसतोय यावर ठरतं. मित्राच्या गाडीवर चाललं म्हणून आपल्याही गाडीवर चालेल, हे कारण गॅरेजमध्ये सगळ्यात जास्त वेळा ऐकू येतं आणि सगळ्यात जास्त पैसेही तेच बुडवतं.

हा मोह फक्त खान्देशातला नाही. अमेरिकेत मोठ्या व्ही-८ गाड्यांचे कार्बोरेटर मिनिटाला किती घनफूट हवा सोडतात त्यावर विकले जातात. ३५० घनइंचाचं, म्हणजे आपल्या मापात ५.७ लिटरचं इंजिन ६,००० आरपीएमला, सिलिंडर शंभर टक्के भरला असं धरलं तरी सहाशेच्या थोडं वर हवा मागतं. रस्त्यावरचं इंजिन साधारण ८५ टक्के भरतं, म्हणजे गरज सव्वापाचशेच्या आत. तरीही तिथले हौशी लोक ७५०चा घेतात. मिशीचं माप सगळीकडे सारखंच.

एक बाजू मात्र सांगायलाच हवी, नाहीतर जाणकार वाचक मला धरतील. आरएक्सचा कार्बोरेटर स्लाइडचा आहे. ॲक्सिलरेटर थोडा पिळला असताना स्लाइडच गळा अरुंद करते, म्हणून तेवढ्यापुरता मोठा कार्बोरेटरही गुमान चालतो. हळूहळू रेस देणाऱ्याला कदाचित काही जाणवणारही नाही. कमी आरपीएमवर एकदम पूर्ण पिळलं की मात्र चोरी पकडली जाते. पल्सरच्या बऱ्याच मॉडेलमध्ये सीव्ही प्रकारचा कार्बोरेटर होता. त्यात स्लाइड तुमच्या हाताने उचलली जात नाही, ती हवेच्या ओढीने, इंजिनाला झेपेल तेवढीच उचलते. हा प्रकार चूक पोटात घालतो. अशा गाडीवरचा चांगला सीव्ही काढून साधा स्लाइडचा बसवणं मला तरी पैसे देऊन मागे जाण्यासारखं वाटतं.

मे महिन्यात लावलेला जेट जानेवारीत

आता खान्देशाचा खास मुद्दा. जळगावचा पारा मे महिन्यात ४५च्या आसपास जातो आणि हिवाळ्यात पहाटे दहाच्याही खाली येतो. ४५ अंशाच्या हवेपेक्षा १० अंशाची हवा साधारण १२ टक्के घट्ट असते. कार्बोरेटरला हे कळत नाही. घट्ट हवेबरोबर तो थोडं जास्त पेट्रोल देतो, पण पुरेसं नाही. हिशेबाने मिश्रण सुमारे ६ टक्के 'लीन', म्हणजे पेट्रोलला कमी पडतं.

त्यात ई२० आलं. २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल फेब्रुवारी २०२३पासून विक्रीला आलं आणि २०२५मध्ये देशाने २० टक्क्यांचं लक्ष्य गाठलं. ऊस आणि मक्याचा त्यात मोठा वाटा आहे, आणि मका आपल्याकडे किती पिकतो ते वेगळं सांगायला नको. शेतकऱ्याच्या बाजूने हे धोरण मला पटतं. पण इथेनॉल जळायला हवा कमी लागते. साध्या पेट्रोलच्या एका किलोला १४.७ किलो हवा लागते, ई२०ला साधारण साडेतेरा. म्हणजे तेवढ्याच हवेत ८ टक्के जास्त इंधन द्यायला हवं. नव्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर हे ओळखतो आणि इंजेक्टर भरपाई करतो. कार्बोरेटरमध्ये भोकाचं माप बदलत नाही, तो जुन्याच हिशेबाने देत राहतो.

काही जुन्या वाहनांत रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५मध्ये स्वतःच सांगितलं. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचाही पर्याय पंपावर द्यावा, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ला फेटाळली. म्हणजे पर्याय मिळणार नाही असं धरूनच चालायचं. माझी तक्रार धोरणाबद्दल नाही, सल्ल्याबद्दल आहे. कार्बोरेटरवाल्या गाडीच्या मालकाने जेटचं काय करावं, हे त्याला साध्या मराठीत एका पानावर कोणी सांगितलेलं नाही. ती जागा मग रीलवाल्यांनी भरली.

टू-स्ट्रोकमध्ये हे जास्त गंभीर होतं, कारण पेट्रोल तिथे जळतंही आणि आत शिरताना इंजिनाला थंडही करतं. मिश्रण लीन झालं की पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरला धरतो. पारोळा रोडला साठच्या वेगात मागचं चाक जाम झालं तर काय होतं, ते ज्यांनी अनुभवलंय त्यांना विचारा. पिकअपच्या चर्चेत हा मुद्दा येतच नाही आणि खरा धोका तोच आहे.

मावसभावाच्या गाडीचं काय झालं

एप्रिलमध्ये २८ बसला. मोकळ्या रस्त्यावर, वरच्या आरपीएमला गाडी खरंच जरा मोकळी वाटली, हे मी नाकारणार नाही. पण लळिंगच्या घाटात ट्रकमागून निघताना तिसऱ्यात पूर्ण रेस दिली की गाडी गुदमरायची. ॲव्हरेज पडलं. मिस्त्रींनी "जास्त पेट्रोल पितेय" म्हणून मेन जेट लहान केला. गुदमरणं थोडं कमी झालं आणि सगळे खुश झाले. चुकीचा आकार लपवायला जेट लहान केला होता, हे कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. तो सेट झाला मे महिन्याच्या दुपारी.

डिसेंबरच्या अखेरीस पहाटे तो अमळनेरला लग्नाला निघाला. फागण्याच्या पुढे इंजिन जाम झालं. त्याने सवयीने क्लच दाबला म्हणून पडला नाही. पिस्टनवर उभे ओरखडे, सिलिंडरला बोर करावा लागला. नेमकं एकच कारण मी सांगू शकत नाही. लहान केलेला जेट, थंड हवा आणि ई२० हे तिन्ही एकाच दिशेने ढकलत होते. चौथीही गोष्ट नंतर सापडली. आरएक्समध्ये ॲक्सिलरेटरची केबल कार्बोरेटरबरोबर ऑईल पंपालाही जाते. नव्या कार्बोरेटरची स्लाइड जास्त उचलत होती आणि पंपाचं सेटिंग जुनंच राहिलं होतं. दोघांचा मेळ कोणी बघितलाच नव्हता.

म्हणून आता कोणी विचारलं की मी उलट विचारतो. इंजिनात आणखी काय बदललंय? पोर्ट, सायलेन्सर, रीड, सगळं कंपनीचंच असेल तर वरच्या आरपीएमला जादा हवा जाणार कुठून? २०चा गळा अडवतोय हे दिसलं आहे का, की फक्त वाटतंय? आणि आहे तो कार्बोरेटर किती झिजलाय? तीस वर्षं वरखाली होणारी निडल तिच्या जेटचं भोक लांबट करते, स्लाइड सैल होऊन कडेने हवा खेचते, वाटीतला फ्लोट बिघडतो. 'पिकअप गेला' म्हणून आलेल्या कितीतरी गाड्या निडल, निडल जेट आणि स्लाइड बदलली की ताळ्यावर येतात. त्याआधी कॉम्प्रेशन बघा. सिलिंडरच गेला असेल तर कोणताही कार्बोरेटर हवा ओढून देणार नाही.

हे सगळं ठीक असेल आणि इंजिनावर खरंच काम केलं असेल, तर एक पायरी चढा. आरएक्सला २२, फार तर २४. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त कार्बोरेटरवर नामांकित कंपनीचं नाव कोरलेलं असलं तरी माल तिचाच असेल असं नाही. कार्बोरेटरबरोबर तीन-चार जेट घ्या, आणि एका कंपनीचा जेट दुसरीच्या कार्बोरेटरला आकड्यावरून लावू नका. मिकुनीचा १०० आणि कीहिनचा १०० एक नसतात. सुरुवात मोठ्या जेटने करून खाली या. मोठ्या जेटने फार तर प्लग काळा होतो. लहान जेटने पिस्टन जातो.

कायद्याचं थोडक्यात. कार्बोरेटरचा आकार आरसीवर लिहिलेला नसतो, पण सीसी असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल असा बदल करता येत नाही, म्हणून मोठा बोर करून सीसी वाढवणं त्यात अडकतं. धुराचं वेगळं आहे. मार्च २००० नंतरच्या फोर-स्ट्रोक दुचाकीला पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्क्यांच्या आत लागतो, त्याआधीच्या गाड्यांना ४.५. प्रदूषणाचे नियम मोडल्यास कलम १९०नुसार १० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्याकडे नाकाबंदीत फक्त सायलेन्सरचा आवाज ऐकला जातो. ओव्हरसाइज कार्बोरेटरने काळा धूर ओकणारी गाडी त्याच नाक्यावरून शांतपणे निघून जाते, हेही खरं.

मावसभावाच्या आरएक्सवर आता परत २० मिमीचाच कार्बोरेटर आहे, नव्या स्लाइड आणि निडलसह. ई२०साठी मेन जेट कंपनीच्या मापापेक्षा एका पायरीने मोठा. ऑईल पंप खुणेवर जुळवलेला. सीटखाली त्याने पांढरी पट्टी चिकटवली आहे, तिच्यावर जेटचा नंबर, निडलची क्लिप कितव्या खाचेत आहे ते आणि तारीख मार्करने लिहिली आहे. खाली नोव्हेंबरसाठी एक ओळ रिकामी ठेवली आहे. २८चा कार्बोरेटर अजून कपाटावर डब्यात पडून आहे. परवा एक ओळखीचा मुलगा तो विकत मागायला आला होता. त्याच्याकडे स्प्लेंडर आहे.